रथसप्तमीचा पहिला नंबर

आप्पा पडला तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आप्पानं उडी मारून चेंडू पकडला, खाली आला तो एकाच पायावर, आणि गुडघा धरून तिथंच बसला. मी लाटणं उगारून ओरडले, "ऊठ की रे मुडद्या!" तो काही उठला नाही. दोघांनी बखोटीला धरून त्याला आत नेलं. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली.

"काय झालं?" आमचे हे अर्ध्या तोंडाला साबण लावून धावत आले.

"आप्पा गेला हो."

"कुंडलचे आप्पा? अगं, परवा तर बोलले माझ्याशी!"

"कुंडलचे नव्हे. माझा आप्पा. सात फुटी. गुडघा गेला त्याचा."

ह्यांनी मोबाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जयू, भातुकली पुरे. तवा उतरव," म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले.

भातुकली हा ह्यांचा शब्द. आम्ही आपलं फँटसी म्हणायचो. सांगलीच्या कॉलेजात आम्ही आठजणी बास्केटबॉल खेळायचो. मग लग्नं झाली, पोरं झाली, आठजणी आठ दिशांना. चाळिशी आली तेव्हा आमच्यातल्या शहनाजनं कुठूनतरी हे खूळ आणलं. अमेरिकेतल्या लीगमधले खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे. ते तिकडं खऱ्या मॅचमध्ये जेवढे बास्केट मारतील, जेवढे पास देतील, त्याचे गुण मोबाइलवर आपल्या टीमला. दर आठवड्याला एकीच्या टीमनं दुसरीच्या टीमशी भिडायचं. आणि रोज, मॅच सुरू व्हायच्या आत, आज कुठल्या पाचांना खेळवायचं नि कुणाला बाकावर बसवायचं ते आपण ठरवायचं. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. मी शाळेत पी.टी. शिकवायचे, शाळा दुपारची. त्यामुळं सकाळी एक डोळा तव्यावर आणि एक आप्पावर.

नावं आम्हीच ठेवायचो. ती इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसायची? वाटणीच्या दिवशी फोनवर सगळ्यांचं बारसंच घालायचो. रेफ्रीशी सारखी हुज्जत घालणारा तो वकील. दरवर्षी टीम बदलणारा तो पाहुणा. अंगात जोर नसताना धिप्पाड लोकांच्या अंगावर जाणारा तो काडीपैलवान. नाव ठरलं की आठजणी फोनमध्ये एकदम "कुर्रर्र" करायच्या. आमच्या घरचे लोक म्हणजे कपाळाला हात लावून बसायचे.

बक्षीस होतं ते वेगळंच. सीझन ऐन मध्यावर येतो तेव्हा आपल्याकडं रथसप्तमी येते. त्या दिवशी जी पहिल्या नंबरवर असेल, तिनं सांगायचं की यंदा आठजणींनी दोन दिवस कुणाच्या घरी जाऊन पडायचं. आणि जिचं घर निघेल तिनं नाही म्हणायचं नाही. सासू आजारी, पोरांची परीक्षा, नळाला पाणी नाही, काऽही चालणार नाही. हा नियम घातला होता आमच्या कॅप्टननं. उर्मिला मगदूमनं.

आणि सलग तीन वर्षं रथसप्तमीला पहिला नंबर उर्मिलाचाच होता. तिन्ही वर्षं तिनं प्रतिभाचं दापोलीचं घर सांगितलं. स्वतः पक्की जैन, कांदा-लसूणसुद्धा न खाणारी, आणि आम्हाला सुरमई-पापलेट खायला पाठवायची. आणि तिन्ही वर्षं स्वतः आली नाही. एकदा ताप, एकदा पाहुणे, एकदा नुसतंच "जमत नाही गं."

बरं, राहायला कुठं? जयसिंगपूरला. आमच्या दारातनं एसटी धरली तर अर्ध्या तासाची वाट नाही. मी एकदा न सांगता गेले होते. फाटकापाशी तिचा नवरा श्रेणिक भेटला. भला माणूस, पण माझ्याकडं न बघता म्हणाला, "झोपलीय ती. उठवत नाही." वरच्या खिडकीचा पडदा हलला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी आणलेल्या तिळाच्या वड्या त्याच्या हातात दिल्या आणि परत आले. फोन केला तर उचलायची नाही. थोड्या वेळानं मेसेज यायचा: "नंतर." एवढंच. इतरजणींनाही तेच.

कुणी म्हणालं गर्व चढलाय. कुणी म्हणालं घरात काहीतरी बिनसलंय. मला यातलं काहीच पटत नव्हतं. मी तोंडाची फटकळ बाई आहे, मला माणूस तुटला तर का तुटला ते तोंडावर कळायला लागतं. आणि ही तर उर्मिला. माझ्या वडलांनी "पोरींनी अर्ध्या चड्डीत नाचायचं नाही" म्हणून माझं खेळणं बंद केलं होतं, तेव्हा हीच बया रोज सकाळी आमच्या उंबऱ्यात येऊन बसायची. "काका, जयाला सोडा. नाहीतर मी इथंच बसते, मला चहा द्या." वडील चिडायचे, आई चहा द्यायची. शेवटी वडीलच कंटाळून म्हणाले, घेऊन जा हिला, पण तू आता येऊ नकोस. माझी नोकरी, माझी शिट्टी, माझं सगळं तिथनं सुरू झालं.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं. पहिल्या नंबरवर मी यायचं आणि जयसिंगपूर सांगायचं. बघू कशी दार उघडत नाही ती.

आणि नेमका आप्पा पडला. संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी महिन्यावर, मी पाचव्या नंबरवर, उर्मिला पहिल्या. आणि माझ्या टीमचा खांबच कोसळलेला.

दुपारपर्यंत कळलं की आप्पा मार्चशिवाय उभा राहत नाही. मी शाळेतनंच शहनाजला फोन लावला. शहनाज मिरजेला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. आमच्या लीगचा सगळा कारभार तिच्याकडं.

"सौदा करायचाय," मी म्हणाले. "तुझा वकील दे. आणि पाहुणा दे."

"आणि तू काय देणार? तुझ्याकडं आहे काय?"

"आप्पा."

पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "जया, डोकं ठिकाणावर आहे का? आप्पा म्हणजे सोनं आहे. मार्चात परत आला की सीझनच्या शेवटची ट्रॉफी तुझीच. दोन फुटकळ माणसांवर त्याला देतीयस?"

"मला मार्च नको. मला रथसप्तमी पाहिजे."

शहनाज काही भोळी नाही. "जयसिंगपूर सांगणार आहेस तू," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांना दापोली आवडते."

"सगळ्यांनी दरवर्षी मासेच खायचे असं कुठं लिहून ठेवलंय?"

"तसं नव्हे गं. जिला दार उघडायचं नाही तिच्या दारात सातजणींची धाड घेऊन जायचं, याला काय मैत्री म्हणायची? हा दरोडा झाला."

"दरोडा तर दरोडा. घालणार."

"आणि तिला खरंच आपण नको असलो तर?"

"तर तसं माझ्या तोंडावर सांगू दे. मी चहा न घेता परत येईन. पण पडद्याआडनं नाही ऐकून घेणार मी."

शहनाजनं सुस्कारा सोडला. "घे वकील. घे पाहुणा. पण दारातनं हाकललं तर माझ्या खांद्यावर रडायचं नाही."

तो महिना मी काय राबले म्हणून सांगू! भारी खेळाडू माझ्याकडं राहिले नव्हते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. भारी माणूस आठवड्यात दोन मॅच खेळला तर त्याचे गुण दोन मॅचचे. हलका माणूस चार मॅच खेळला तर चारांचे. म्हणजे भारी शोधायचे नाहीत, ज्यांच्या मॅच जास्त ते शोधायचे. कुणाच्याच टीममध्ये नसलेले, कुणी ढुंकून न बघणारे लोक मी रोज उचलायचे आणि काम झालं की सोडायचे. काडीपैलवान तसाच मिळाला. पहाटे उठून आधी बातम्या बघायच्या: कुणाला ताप, कुणाचा घोटा सुजला, कुणाच्या बायकोचं बाळंतपण. मुख्य खेळाडू बसला की त्याच्या जागी कोण उभा राहणार, त्याला धरायचा. शेतात रोजानं माणसं लावतात ना, तशी मी टीम लावत होते.

"घरातल्या माणसांचा ताप कधी बघितलास का असा?" हे म्हणाले.

"तुम्हाला ताप आला की माझे गुण कमी होतात का?"

"नाही."

"मग."

हसले बिचारे. पण नंतर पोळ्या स्वतः भाजायला लागले. मी लाटायचे, मोबाइल बघायचे, हे भाजायचे.

पहिल्या आठवड्यात मी प्रतिभाला हरवलं. तिनं ग्रुपवर रडका मेसेज टाकला की जया माणसं नाही, भाजी निवडल्यासारखे खेळाडू निवडतीय. पुढच्या आठवड्यात शहनाजला हरवलं, तिच्याच वकिलाच्या जोरावर. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. असं करत करत रथसप्तमीला संपणारा आठवडा आला तेव्हा मी दुसऱ्या नंबरवर, उर्मिला पहिल्या, आणि गाठ नेमकी आम्हा दोघींची. जी जिंकेल ती पहिली.

सोमवारी सकाळी तिचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"ये."

बस, एवढंच. कॉलेजात मैदानावर समोर कुणी दांडगी पोरगी आली की ती गुडघ्यात वाकून, हात पसरून असंच म्हणायची, ये. मी लिहिलं, "आलेच."

तिची टीम जबरदस्त होती. पण तिची एक खोड मला ठाऊक होती. तिच्या टीममध्ये एक म्हातारा खेळाडू होता, टकल्या, दाढी पांढरी झालेली. त्याचं नाव तिनंच ठेवलं होतं, गुरुजी. एके काळी मोठा खेळाडू, यात वादच नाही. पण आता त्याचे गुडघे कुरकुरत होते. लागोपाठ दोन दिवस मॅच असली की दुसऱ्या दिवशी त्याची टीम त्याला विश्रांती द्यायची. अशा दिवशी बाकी कुणीही असती तर गुरुजीला बाकावर बसवून दुसरा खेळवला असता. उर्मिला बसवायची नाही. शून्य गुण आले तरी तिच्या पाचांत गुरुजी असायचाच. एरवी बाकीचे चौघं इतके गुण आणायचे की तिला फरक पडायचा नाही. आणि ही तिची जुनीच सवय. कॉलेजात ती स्वतः कधी बदली मागायची नाही, आणि दमलेल्या पोरीलाही बाहेर काढायची नाही. "सुरू केलंय ना, संपवायचं," म्हणायची. फायनलला ओठ फुटला होता तर रक्त गिळत खेळली.

मी त्या आठवड्याचं सगळं वेळापत्रक उलगडून बसले. गुरुजीची लागोपाठची दुसरी मॅच ऐन रथसप्तमीच्या सकाळी येत होती.

आठवडाभर आम्ही मांजर-उंदरासारख्या खेळलो. एक दिवस ती पुढं, एक दिवस मी. मी सकाळी एक नवा माणूस उचलला की दुपारी तिनंही उचललेला. मी पाहुण्याला सोडला तर तिनं तासाभरात त्याला धरला आणि त्यानं दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी खंडीभर गुण आणले. मी शाळेत मैदानावर शिट्टी तोंडात धरून शिव्या दिल्या, त्या बिचाऱ्या सहावीच्या पोरींना वाटलं त्यांनाच. बोलत नव्हती, भेटत नव्हती, पण रोज सकाळी ती माझ्यासमोर वाकून, हात पसरून उभी होती. खरं सांगायचं तर तीन वर्षांत मला ती इतकी जवळ कधी वाटली नव्हती. आणि त्यानंच मला जास्त राग येत होता. एवढी जिवंत बाई आहेस, मग घरात दडून का बसलीयस?

रथसप्तमीला ती पुढं होती. फार नाही, पण पुढं.

अंगणात मी रांगोळीनं सूर्याचा रथ काढला. गोवऱ्या रचून त्यावर छोट्या बोळक्यात दूध ठेवलं. त्या दिवशी दूध सूर्यासमोर उतू जाऊ द्यायचं असतं. मोबाइल तुळशीच्या कट्ट्यावर. शेवटचा निर्णय बाकी होता, वकील खेळवायचा की काडीपैलवान. वकील भरवशाचा. पण काडीपैलवानाच्या टीमचा मुख्य खेळाडू तापानं फणफणला होता, म्हणजे आज पोरगं पूर्ण वेळ मैदानावर. ह्यांना विचारलं.

"वकिलावर कधी भरवसा ठेवू नये," हे म्हणाले.

काडीपैलवान खेळवला.

मॅच सुरू व्हायच्या जरा आधी बातमी आली, गुरुजी आज विश्रांतीला. त्याच्या नावापुढं लाल खूण आली. ती खूण माझ्या मोबाइलवर दिसली म्हणजे तिच्याही दिसणार. तिच्या बाकावर पोस्टमन बसला होता, पास देण्यात एक नंबरचा, ताजातवाना. एक बोट फिरवलं की झालं: गुरुजी बाहेर, पोस्टमन आत. मी बघत बसले. काढ, उर्मे, आता काढशील. वेळ संपली. गुरुजी तिच्या पाचांत तसाच.

पुढचं काय सांगू. काडीपैलवान त्या दिवशी अंगात आल्यासारखा खेळला. मारतोय काय, पडतोय काय, उठतोय काय! बोळक्यातलं दूध कधी उतू गेलं ते मला कळलंसुद्धा नाही, ह्यांनीच हाक मारली. पोस्टमननं तिकडं ढीगभर गुण केले, पण इकडं तो तिच्या बाकावर, म्हणून ते धरायचे नव्हते. शेवटच्या मॅचचा शेवटचा चेंडू संपला तेव्हा मी पुढं होते. थोडक्यात, पण पुढं.

मी नाचले. भर अंगणात, रांगोळीच्या रथावरनं. मग तशीच बसून ग्रुपवर लिहिलं, "जयसिंगपूर. उर्मिलाचं घर. येत्या शनिवारी."

दापोलीचीसुद्धा कुणी बात काढली नाही. मग शहनाजचा फोन आला.

"पोस्टमन बाकावर बसवून ठेवला तिनं," ती म्हणाली. "उर्मिलानं. तुला काही वाटत नाही?"

मला वाटलं होतंच. नाचून झाल्यावर पहिलं तेच वाटलं होतं. "मुद्दाम हरली म्हणतीयस?"

"मला काय ठाऊक. पण ती असली चूक करेल?"

"मुद्दाम हरली असेल तर मी तिचं तोंड बघणार नाही," मी म्हणाले. आणि लगेच माझं मलाच हसू आलं, कारण एवढा आटापिटा केला होता तो तिचं तोंड बघायलाच.

संध्याकाळी उर्मिलाचा मेसेज आला. "घर लहान आहे."

"दाटीवाटीनं बसू," मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी: "रंगकाम काढलंय."

"ब्रश घेऊन येतो."

मग शुक्रवारपर्यंत काही नाही.

शनिवारी सातजणी दोन गाड्यांतनं जयसिंगपूरला गेलो. फाटकाशी श्रेणिक उभा होता. घराला रंगबिंग काही लागलेला नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, आज नको. खरंच सांगतो. मी तुम्हाला नंतर—"

"श्रेणिकभाऊ," मी म्हणाले, "तुमच्याशी माझं भांडण नाही. पण नियम तिनंच घातलाय."

तो बिचारा बाजूलाही होईना आणि अडवेही ना. शहनाज माझा पदर ओढत कुजबुजली, "चल जया, परत जाऊ." मी सुद्धा मनातनं हलले होते, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात आतनं आवाज आला. इतका बारीक, की उर्मिलाचा आहे हे कळायला मला क्षण लागला.

"येऊ दे त्यांना. हरलीय मी."

ती पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी. चेहरा कसा तो सांगता यायचा नाही. तिचाच, पण हालचाल नसलेला, हसू आतच अडकून बसल्यासारखा. आणि उजवा हात मांडीवर थरथरत होता. थांबतच नव्हता. त्याच हातानं ती लांबून बास्केट मारायची, तेव्हा चेंडू जाळीला लागल्याचाही आवाज यायचा नाही.

शहनाज रोज दवाखान्यात आजारी माणसं बघणारी बाई, तिला पहिला हुंदका फुटला.

"कंपवात," उर्मिला म्हणाली. एकेक शब्द सावकाश येत होता. "यानं माणूस मरत नाही. नुसता हलतो. आणि शहनाज, रडायचं असेल तर दापोलीला जा."

मग सगळ्याच हसल्या, सगळ्याच रडल्या, कोण काय करतंय ते कळेना. मी एकटी उभी होते, कोरडी. माझ्या डोक्यात राग होता. तीन वर्षांचा. आणि तो दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडला.

"मुद्दाम हरलीस?" मी विचारलं.

"जया!" प्रतिभा दचकली. "ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. पोस्टमन बाकावर होता. लाल खूण आलेली. का नाही काढलास गुरुजीला? माझी कीव केलीस?"

उर्मिलाचे डोळे लालबुंद झाले. तो चेहरा हलत नव्हता, पण डोळे शाबूत होते, ते पूर्वीसारखेच पेटले.

"मी? मुद्दाम? आयुष्यात कधी हरलेय मी मुद्दाम? डाव्या अंगठ्यानं टीम लावते रोज. श्रेणिकला हात लावू देत नाही. आठवडाभर तुला घाम फुटला ना? मग? असा फुकट फुटतो होय गं घाम?"

"मग गुरुजी?"

डाव्या हातानं तिनं उजवा हात दाबून धरला, तरी तो हलतच राहिला.

"त्याला बसवायचं माझ्यानं होत नाही," ती म्हणाली. "एक दिवस नाही उभा राहिला म्हणून काय लगेच बाहेर काढायचं? ते मला जमत नाही. त्यात हरले. खरी हरले. तुझा पहिला नंबर खरा आहे, घे."

मी तिच्या समोर खाली जमिनीवर बसले. तोंडातनं एवढंच निघालं, "सांगितलं का नाहीस? एक फोन करायचा होतास. धावत आले असते."

"तेच नको होतं. अरेरे करत येणारी माणसं मला नको होती. माझं मला म्हणवत नव्हतं, या म्हणून. मी नियम घातलाय, जिंकून या. मला वाटलं, या सातजणींतली एक तरी येईल. रोज सकाळी मी जिंकायलाच बसायचे, हरायला नाही. आणि रथसप्तमीला पहिली आले की दिवसभर जेवण जायचं नाही मला." मग मान जराशी पुढं काढून अगदी माझ्याकडं बघत म्हणाली, "तीन वर्षं लागली तुला, जये. इतकी भिकार खेळत असशील असं वाटलं नव्हतं."